मराठी वाचता येणारी बाई

मधुवंती सोहोनीच्या नजरेतून चूक सुटत नसे, मग ती कागदावरची असो की माणसातली. कोलकात्यात सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये, हॉस्पिटलांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत ती अंतर्गत ऑडिटची प्रमुख होती. तिच्या टेबलासमोर बसलेला माणूस कितीही धुतल्या तांदळासारखा असला, तरी उठताना घाम पुसतच उठायचा. 'मधुदी बोलावतायत' एवढा निरोप आला की लोक आधी घोटभर पाणी पिऊन घेत.

तेव्हा कंपनीने सगळ्यांचे लॅपटॉप तपासायचं ठरवलं, याचं अशा बाईला काय वाईट वाटणार? झालं होतं असं, की लागोपाठ दोन मोठी टेंडरं अगदी थोडक्यात हातची गेली होती. आपला आकडा समोरच्या कंपनीला आधीच कळतो, याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. मग बाहेरून तपासणी करणारी एजन्सी आली आणि तिने एकेकाचा लॅपटॉप ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ऑफिसात खळबळ उडाली. वाद घालण्यात कोलकात्याचा हात कोण धरणार? कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत 'माणसाचं खाजगी असं काही उरलं आहे की नाही' यावर परिसंवाद झडू लागले. मधुवंतीने त्याचा एका दमात निकाल लावला. लॅपटॉप कंपनीचा, वीज कंपनीची, वेळही कंपनीचाच; रुजू होताना सगळ्यांनी तशी सही केली आहे; कर नाही त्याला डर कशाला? हिंदीत सांगताना म्हणीची निम्मी धार गेली, पण लोक गप्प बसले.

तिला पहिला धक्का बसला तो निखिलवर बोट रोखलं गेलं तेव्हा.

निखिल वैशंपायन हा टेंडर विभागातला, साताऱ्याहून आलेला तरुण. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो सोहोनी नवराबायकोला भेटला आणि मधुवंतीनेच शब्द टाकून त्याला कंपनीत लावलं. मंडळात तो तिच्या नवऱ्याला, श्यामसुंदरला, काका म्हणायचा आणि ऑफिसात तिला ताई. हे नातं कुठल्या पंचांगात बसतं, असं श्यामसुंदर त्याला चिडवायचा. श्यामसुंदर बँकेत अधिकारी होता. बदलीवर कोलकात्याला आला आणि वर्षभरापूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेऊन, बायकोची नोकरी आहे म्हणून इथेच राहिला. निखिल दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचा आणि घरच्यासारखा हक्काने दुसऱ्यांदा आमटी मागायचा.

अख्ख्या कंपनीत मराठी ही दोघंच. त्यामुळे लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, साहेबांच्या नाकासमोरसुद्धा दोघं बिनधास्त मराठीत बोलत. इथल्या मराठी माणसाची ही जुनी खोड आहे. मराठी म्हणजे आपलं कुलूप लावलेलं कपाट, किल्ली फक्त आपल्याकडे. मेट्रोत, बँकेत, डॉक्टरकडे बाकावर बसून वाट्टेल ते बोलावं, शेजारच्याच्या बापाला कळत नाही. निखिलनेही त्याच भरवशावर आपलं व्हॉट्सअ‍ॅप ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडं ठेवलं होतं. मराठीत तर आहे, कोण वाचणार, असं त्याला वाटलं असणार. मधुवंती त्याच्या जागी असती तर तिलाही तसंच वाटलं असतं.

त्या दुपारी एचआरच्या सेनगुप्तांनी तिला कोपऱ्यातल्या मीटिंगच्या खोलीत बोलावलं. आत कंपनीच्या वकील बागचीबाई होत्या आणि एजन्सीचा एक टक्कल पडलेला माणूस लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं लटकत होतं. सेनगुप्ता भले गृहस्थ, अवघडून बोलत होते. निखिलच्या लॅपटॉपवर एकाच व्यक्तीशी चाललेली कित्येक महिन्यांची बातचीत सापडली होती, सगळी मराठीत. ज्या ज्या दुपारी निखिलने 'क्लायंटकडे' असं लिहून ऑफिस सोडलं होतं, त्यातल्या बऱ्याच दुपारी तो कुठल्याही क्लायंटकडे पोचलाच नव्हता. मशीनकडून भाषांतर करून पाहिलं तर त्यात भेटायच्या जागा होत्या, कागद आणण्याच्या गोष्टी होत्या, कुणाला तरी कळू द्यायचं नाही असं होतं. आदल्या दिवशी निखिलला विचारलं तर 'खाजगी आहे' यापलीकडे त्याने तोंड उघडलं नाही. त्याला घरी बसवलं होतं आणि संध्याकाळी पोलिसांत जायचं की नाही हे ठरणार होतं. त्याआधी बागचीबाईंना माणसाने केलेलं, खाली सही असलेलं भाषांतर हवं होतं.

सेनगुप्तांनी नेटवर शोधून महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरींचा, अरुण नाईकांचा नंबरही काढून ठेवला होता. पण घरचं माणूस असताना बाहेर कशाला जायचं, असं म्हणून त्यांनी मधुवंतीकडे पाहिलं.

ती लगेच हो म्हणाली. निखिल चोर असणं शक्य नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. तासाभरात त्याला मोकळा करून ती आपल्या कामाला लागणार होती.

पानांवर निखिलचं नाव दिसत होतं, समोरच्याचं नाव आणि नंबर मात्र काळ्या पट्टीने झाकला होता. बागचीबाईंनी कारण सांगितलं. हा माणूस कंपनीचा नोकर नाही, त्याने आपल्या कुठल्याही कागदावर सही केलेली नाही, तेव्हा त्याचं खाजगीपण आपण जपायलाच हवं. मधुवंतीला हा काटेकोरपणा आवडला. एकेक निरोप वाचायचा, हिंदीत मोठ्याने सांगायचा, तो माणूस टाइप करणार, आणि शेवटी काहीही गाळलेलं नाही म्हणून तिने सही करायची, असं ठरलं.

पहिल्या पानावर निखिलने लिहिलं होतं, 'उद्या दोनला, मागच्या गेटपाशी. ऑफिसात क्लायंटकडे जातो म्हणून सांगतो.' समोरून उत्तर होतं, 'कागद मी घेऊन येतो.' आणि त्याखाली पुन्हा निखिल, 'ताईंना सुगावा लागता कामा नये. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.'

तिने ते हिंदीत सांगितलं. ताई कोण, असं बागचीबाईंनी विचारलं. मी, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण शब्द टाकून आणलेला, आपल्या ताटात जेवणारा माणूस आपल्याच डोळ्यांत धूळ फेकत होता. सेनगुप्ता टेबलाकडे बघत राहिले. तिने पान उलटलं ते जवळजवळ फाडल्यासारखंच. आता मागे हटायचं नाही, एक ओळ सोडायची नाही, जे असेल ते बाहेर येऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं.

पुढच्या पानावर समोरच्या माणसाचा लांबलचक निरोप होता. ती हिंदी करत गेली. 'काल गरियाहाटच्या बाजारात उतरलो आणि कशाला आलो तेच आठवेना. घर कुठल्या बाजूला तेही नाही. देवळासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. मग हळूहळू सगळं जागेवर आलं. रिकाम्या हाताने गेलो असतो तर तिने विचारलं असतं, म्हणून समोर दिसलं ते केळफूल घेतलं.'

केळफुलाला हिंदीत काय म्हणतात हे आठवायला ती थांबली, आणि थांबली ती थांबलीच.

मागच्या थंडीतल्या एका शनिवारी श्यामसुंदर अंधार पडल्यावर घरी आला होता, हातात हे एवढं केळफूल घेऊन. मेट्रो बंद पडली होती म्हणाला. केळफूल सोलणं हा काय उद्योग असतो ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. रविवारची अख्खी सकाळ तिने एकेक फुलातला दांडा काढत घालवली होती, बोटं काळी झाली होती, आणि ती दिवसभर त्याच्यावर करवादली होती. भाजी आणायला जमत नाही तर जातोस कशाला, असंही म्हणाली होती. तो नुसता हसला होता.

हातातलं पान तेच होतं, अक्षरं तीच होती, पण त्यातला अनोळखी माणूस एकदम तिच्या घरात, तिच्या सोफ्यावर येऊन बसला होता. यंदा गणपतीत त्याने अथर्वशीर्ष म्हणायला नकार दिला होता, घसा बसलाय म्हणून. इतकी वर्षं पोथी न बघता म्हणणारा माणूस. घसा अगदी व्यवस्थित होता, हे तिला आत्ता, या खोलीत कळत होतं. कागदातला एक स्वल्पविराम चुकला तर जिला दिसतो, तिला हे दिसलं नव्हतं.

सेनगुप्तांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. काही अडलं का, असं विचारलं.

सांगून टाकावं की हा माझा नवरा आहे, असं तिच्या मनात आलंच. पण ती या धंद्यातलीच होती, पुढे काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. नात्यातल्या माणसाला भाषांतर करता येणार नाही, असं बागचीबाई म्हणणार, आणि त्यात काही चूकही नाही. मग सेनगुप्ता अरुण नाईकांना फोन लावणार. नाईक पानं वाचणार. रविवारपर्यंत मंडळातल्या प्रत्येक घरी श्यामसुंदरच्या नावाने हळहळ शिजणार. आणि काही ओळी गाळाव्यात, तर ज्या ओळी निखिलला वाचवणार होत्या त्या नेमक्या याच होत्या. त्या गाळल्या तर उरत होतं मागचं गेट, आणलेले कागद आणि ताईंना लागू न द्यायचा सुगावा, म्हणजे पोलीस. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे ती एकटी.

ती पाणी प्यायली, केळफुलाला बंगालीत म्हणतात ते 'मोचा' तिने सांगितलं, आणि परक्या माणसाबद्दल वाचावं तसं पुढे वाचू लागली.

बायपासजवळच्या हॉस्पिटलचं मागचं गेट होतं ते. कागद म्हणजे तपासण्यांचे रिपोर्ट. निखिल त्याच्याबरोबर मेंदूच्या डॉक्टरांकडे जात होता, कारण डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर आल्यावर श्यामसुंदरच्या लक्षात राहत नसे. 'सुरुवात आहे म्हणाले ना?' असं त्याने एका संध्याकाळी विचारलं होतं, आणि निखिलने 'हो काका, सुरुवात आहे, गोळ्यांनी वेग कमी होतो' असं कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रश्न होता आणि पुन्हा तेच उत्तर, तितक्याच शांतपणे दिलेलं. मधुवंती दोन्ही वेळा हिंदी करून सांगत होती. आपल्या नवऱ्याला काय झालं आहे हे तिला समजत होतं आणि त्याच क्षणी ते टाइप होत होतं.

मग ते पान आलं. निखिलने लिहिलं होतं की काका, आता ताईंना सांगायला हवं, माझ्याने लपवणं होत नाही. त्याला उत्तर होतं:

'तिला कळलं की ती मला तपासायला लागेल. वाईट हेतूने नाही, तिचा स्वभावच तो. मी गॅस बंद केला का, औषध घेतलं का, कालचं आठवतं का. मग मी तिचा नवरा राहणार नाही, तिच्या टेबलावरची फाइल होईन. मला अजून थोडे दिवस न तपासलेला नवरा म्हणून राहू दे. शब्द दे.'

'दिला,' असं निखिलने लिहिलं होतं.

तिने ते वाचलं. एकदा मनात, आणि मग हिंदीत, मोठ्याने. तिचा आवाज कापला नाही, याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. टक्कल पडलेल्या माणसाने 'न तपासलेला' म्हणजे नक्की कोणता शब्द घालू, असं विचारलं. तिने तो शब्दही सांगितला.

बागचीबाईंनी चष्मा काढून पुसला. सेनगुप्तांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, बिचारा माणूस, कोण असेल कोण जाणे. मग त्यांना आपलं काम आठवलं. हे खरं आहे याची खात्री करायला त्या झाकलेल्या नंबरवर एक फोन करावा लागेल, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणून त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"फोन करू नका," मधुवंती म्हणाली. "तो माझा नवरा आहे."

त्यानंतर जे झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिलं. सेनगुप्ता उभेच राहिले, खाली बसायचं त्यांना सुचेना. बागचीबाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या, आणि माफी मागता मागताच त्यांनी सांगितलं की भाषांतर मात्र फाइलला राहील, तसा नियम आहे. निखिलवरचा फितुरीचा संशय उठला, खोट्या क्लायंट-भेटींबद्दल त्याला ताकीद मिळणार होती. 'काही गाळलेलं नाही' या ओळीखाली मधुवंतीने सही केली.

निखिल खाली, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर उभा होता. सेनगुप्तांनी त्याला फोन करून सांगितलं होतं. सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर औषधालाही नव्हता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याशी एक शब्द का बोलला नाहीस, असं विचारलं. गोष्ट पोलिसांपर्यंत जाणार होती, नोकरी जात होती.

"नोकरी दुसरी मिळाली असती, ताई," तो म्हणाला. "त्यांनी मला एकच गोष्ट मागितली होती."

मग तो तिला विनवू लागला. काकांना काही बोलू नका. तुम्हाला काहीच माहीत नाही असं वागा. ते स्वतःहून सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकताय असं ऐका. तिने त्याला वचन दिलं. ऑटोत बसल्यावर ती तेच घोकत राहिली. नेहमीसारखं आत जायचं, नेहमीसारखं चपला काढायच्या, चहा मागायचा, ट्रॅफिकला नावं ठेवायची. तो जे सांगेल ते मानायचं, उलट प्रश्न विचारायचा नाही. हे एवढं तरी आपल्याला त्याच्यासाठी करता आलंच पाहिजे. या घोकण्यापायी, ऑटोवाल्याने घराचा ब्लॉक विचारला तेव्हा तिला तो पटकन सांगता आला नाही.

श्यामसुंदरने दार उघडलं. अंगात तोच बदामी झब्बा, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. आज लवकर, असं तो म्हणाला. हो, काम आटपलं, असं ती म्हणाली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. तिने चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली, आणि त्याच्या खांद्यावरून तिची नजर सरळ स्वयंपाकघरात गेली, गॅसच्या बटणावर.

निमिषभरच. पण त्याने ते पाहिलं. आठवणी गेल्या तरी पंचवीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या बाईची नजर माणूस विसरत नाही.

"कळलं तुला," तो म्हणाला.

तिला नाही म्हणता आलं नाही. तो सावकाश खुर्चीत बसला. निखिलने सांगितलं का, असं त्याने विचारलं, आणि तिने घाईघाईने मान हलवली. त्याने नाही सांगितलं, त्याने प्राण गेला तरी सांगितलं नसतं. मग तिने सगळं सांगितलं, लॅपटॉप, पानं, काळ्या पट्ट्या, केळफूल. ती रडू लागली तरी त्याने तिला थांबवलं नाही.

"त्या खोलीत कोण कोण होतं?"

"सेनगुप्ता. कंपनीच्या वकीलबाई."

"अजून?"

"एक माणूस टाइप करत होता. त्याचं नाव मला माहीत नाही, श्याम."

त्याने वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. बराच वेळ तो त्या घडीवरून बोट फिरवत राहिला.

"तपासायचं लिहिलं होतं मी. तेही वाचलंस? त्यांच्यासमोर?"

"हो."

"हिंदीत?"

"हो," ती म्हणाली.

तो उठला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने गॅसच्या बटणावर हात ठेवला, ते बंदच होतं, आणि बंद आहे हे तिला नीट दिसेल असा थोडा बाजूला होऊन उभा राहिला. मग तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.